व्हेट स्कूलच्या आधीचं कॉलेज: नाव नंतर बघा, गोठा आधी

एडिसन, न्यू जर्सीहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी हायस्कूलच्या अकरावीत आहे, तिला जनावरांची डॉक्टरच व्हायचंय. डोळ्यांसमोर तीन कॉलेजं आहेत: कॉर्नेल, रटगर्स (न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ) आणि पेनसिल्व्हेनियातलं एक छोटं खासगी कॉलेज. छोटं कॉलेज स्कॉलरशिप चांगली देतंय, पण तिथे ‘प्री-व्हेट’ नावाचा कोर्स नाही. घर गहाण ठेवून कॉर्नेलला पाठवावं का? आणि सासरे म्हणतात, एवढा घाट कशाला, मुंबईला किंवा नागपूरला थेट बी.व्ही.एस्सी.ला टाका, साडेपाच वर्षांत डॉक्टर होऊन येईल.

सासऱ्यांपासूनच सुरुवात करते, कारण तो रस्ता मी स्वतः चालले आहे.

मी परळच्या कॉलेजची, 1886 पासून चालू असलेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची. शिक्षण उत्तम मिळालं, त्याबद्दल एक अक्षर वाईट बोलणार नाही. पण आपल्याकडच्या कॉलेजांना अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनची मान्यता नाही. म्हणजे ती पदवी घेऊन इथे अमेरिकेत आलं की पुन्हा परीक्षांची रांग. आधी इंग्रजीची, मग लेखी, मग प्रत्यक्ष कौशल्याची. या शेवटच्या परीक्षेचे सात विभाग असतात: भूल, शस्त्रक्रिया, एक्स-रे, शवविच्छेदन, घोडे, गाईगुरं, कुत्री-मांजरं. मी घोड्यांत नापास झाले. महालक्ष्मीचं रेसकोर्स कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर, पण मी आयुष्यात घोड्याचा पाय उचलून धरला होता तो दोनदा. तेवढा एक विभाग पुन्हा दिला, मग सगळे देतात ती परवान्याची परीक्षा दिली, आणि इथे पहिल्या कुत्र्याला माझ्या सहीने औषध मिळेपर्यंत चार वर्षं गेली होती. शिवाय आता तिकडचा प्रवेश ‘नीट’वर होतो. न्यू जर्सीत वाढलेल्या मुलीने एनसीईआरटीची पुस्तकं घोकून महाराष्ट्रातल्या मुलांशी टक्कर द्यायची, साडेपाच वर्षं शिकायचं आणि परत येऊन माझ्यासारखी रांग धरायची. जिला भारतात काम करायचंय तिच्यासाठी तो सरळ रस्ता आहे. तुमच्या मुलीसाठी तो वळसा ठरेल. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे एवढं वाचून दाखवा.

आता इथलं. अमेरिकेत व्हेट स्कूल चार वर्षांचं आणि ते कॉलेजनंतर येतं. गंमत म्हणजे बऱ्याच व्हेट स्कूलांना पदवीच हवी असं नसतं, त्यांना ठरावीक विषय हवे असतात: प्रयोगशाळेसह जीवशास्त्र, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, जेनेटिक्स, संख्याशास्त्र, इंग्रजी, आणि शाळेगणिक सूक्ष्मजीवशास्त्र, पशुपोषण किंवा चारचौघांत बोलण्याचा एखादा कोर्स. काही मुलं तीन वर्षांतच आत जातात, पण बहुतेक पदवी घेऊनच.

म्हणून ‘प्री-व्हेट’ या शब्दाला भुलू नका. बहुतेक ठिकाणी तो विषय नसतोच. विषयांची एक यादी आणि सल्ला द्यायला एक माणूस, एवढाच त्याचा अर्थ. डेलावेअर विद्यापीठासारख्या थोड्या जागी त्या नावाचा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, खरोखर आहे, पण तो केल्याने व्हेट स्कूलचं दार जास्त उघडतं असं नाही. वरचे विषय झाले असतील तर इतिहासात पदवी घेतलेली मुलगीसुद्धा चालते. मी स्वतः ॲनिमल सायन्सकडे झुकते, कारण त्यात पोषण आणि प्रजनन ओघाने येतं आणि गुरांत हात घालायला मिळतो. बायॉलॉजी केलं तरी काही बिघडत नाही.

मग व्हेट स्कूल बघतं काय? काही वर्षं मी एका शाळेच्या प्रवेश मुलाखतींना बसत असे. सगळ्या शाळांचे अर्ज जवळजवळ एकाच खिडकीतून येतात, व्हीएमकॅस म्हणतात तिला, आणि सप्टेंबरच्या मध्याला ती बंद होते. फाइल उघडली की आधी जीपीए, म्हणजे 4 पैकी मोजलेली मार्कांची सरासरी. तोही तीन चाळण्यांतून: एकूण, विज्ञानाचा वेगळा, आणि पुष्कळ ठिकाणी शेवटच्या 45 क्रेडिटचा वेगळा. मग जनावरांत काम केल्याच्या अनुभवाचे तास, मग शिफारसपत्रं, मग निबंध. कॉलेजचं नाव पहिल्या पानावर असतंच, आणि त्याकडे कुणी बघत नाही असं मी म्हणणार नाही. पण नामांकित कॉलेजातला 3.3 आणि राज्य विद्यापीठातला 3.8 शेजारी ठेवले की 3.3 वाल्या मुलाची बाजू मांडायला कुणीतरी फार जोर लावावा लागतो, आणि तो जोर लावलेला मी क्वचितच पाहिला.

इथेच मोठ्या नावाची मेख आहे. ऑरगॅनिकच्या वर्गात तीनशे मुलं, त्यातली निम्मी डॉक्टर व्हायला निघालेली, आणि मार्क एकमेकांच्या तुलनेत. हुशार मुलगीसुद्धा तिथे बी घेऊन बाहेर पडते आणि स्वतःला ढ समजायला लागते. कॉलेज बघायला जाल तेव्हा वाचनालय बघण्याआधी कुणा दुसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठून विचारा: ऑरगॅनिकला जागा मिळते का, शिकवणीची सोय आहे का, सी आला तर पुन्हा घेऊ देतात का. गाइड म्हणून फिरवणारा विद्यार्थी याचं उत्तर देणार नाही. कॅन्टीनमध्ये बसलेला देईल.

आता पैशाचं. यावर जरा जास्त लिहिते, कारण मराठी घरांत इथेच गडबड होते. आपण कॉलेजला शेवटचा टप्पा समजतो आणि सगळी पुंजी तिथे ओततो. व्हेटच्या बाबतीत कॉलेज म्हणजे अर्धी वाट. कॉर्नेलचा राहण्या-खाण्यासकट खर्च वर्षाला 90,000 डॉलरच्या घरात आहे. कॉर्नेलच्या शेती कॉलेजात फी कमी असते हे तुम्ही ऐकलं असेल, पण ती न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना. तुम्हाला पूर्ण भरावी लागेल. शिवाय कॉर्नेलसारखी आयव्ही लीगमधली नामांकित कॉलेजं मार्कांवर स्कॉलरशिप देत नाहीत, घरच्या उत्पन्नावर मदत देतात, आणि दोघं आयटीत असलेल्या घराला ती मदत बहुधा नावापुरती मिळते. रटगर्स तुम्हाला वर्षाला 35,000 ते 40,000 मध्ये पडेल. घरून जाऊन-येऊन केलं तर आणखी कमी. चार वर्षांत फरक दोन लाख डॉलरचा.

आणि त्यापुढे व्हेट स्कूल. परराज्यातल्या विद्यार्थ्याला तिथला चार वर्षांचा सगळा खर्च तीन लाखांच्या पुढे सहज जातो. दीड-दोन लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडणारे नवे डॉक्टर माझ्या ओळखीत ढिगाने आहेत. माणसांच्या डॉक्टरांसारखा पगार या धंद्यात नाही, हे आधीच गाठीशी बांधा. त्यात 2025 च्या कायद्याने सरकारी कर्जाचं गणित बदललंय. पूर्वी व्हेट स्कूलचा जवळपास सगळा खर्च ग्रॅड प्लस कर्जातून उभा राहायचा. 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांना ते बंद, आणि व्यावसायिक पदवीसाठी वर्षाला 50,000 व एकूण दोन लाख डॉलरचीच मर्यादा. वरचे पैसे घरून आणायचे नाही तर खासगी कर्ज काढायचं. तुमची मुलगी नेमकी या नव्या नियमांत येते. घर गहाण ठेवायचंच असेल तर ते चार वर्षांनी उपयोगी पडेल, आज नको.

राज्याचा प्रश्नही याच पोटात येतो. सरकारी व्हेट स्कूलं आपल्या राज्यातल्या मुलांना जागाही जास्त देतात आणि फीही कमी लावतात. न्यू जर्सीत कित्येक वर्षं व्हेट स्कूलच नव्हतं, सगळी मुलं बाहेर जायची. 2025 मध्ये रोवन विद्यापीठाच्या श्रायबर व्हेट स्कूलची पहिली तुकडी बसली. नवी शाळा आहे, मान्यतेचे टप्पे अजून पार व्हायचेत, पण तुमची मुलगी अर्ज करेल तेव्हा तिच्या हातात घरच्या राज्यातली एक शाळा असेल. माझ्या वेळच्या मुलांकडे ते नव्हतं. मिसूरीसारख्या ठिकाणी पहिल्या वर्षानंतर तिथला रहिवासी होऊन फी उतरवता येते, तेही लक्षात असू द्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं व्हेट स्कूल खासगी आहे, पण त्याला राज्याचा पैसा मिळतो म्हणून तिथल्या रहिवाशांना सवलत असते. मात्र नुसतं पेनसिल्व्हेनियात कॉलेज केल्याने कुणी तिथला रहिवासी होत नाही. या भ्रमात राहिलेलं एक कुटुंब मला माहीत आहे.

आणखी एक, नाजूक, पण विचारावंच लागतं. तुम्ही अजून एच-1 या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि मुलगी तुमच्यामुळे मिळालेल्या एच-4 वर, तर 21 व्या वर्षी तिचा तो दर्जा संपतो. मग ती परदेशी विद्यार्थिनी ठरते, सरकारी कर्ज तर एच-4 वरही मिळत नाही, आणि काही व्हेट स्कूलं परदेशी अर्जदार घेतच नाहीत. ग्रीन कार्डाची रांग कुठवर आलीय हे कॉलेज ठरवण्याच्या आधी वकिलाला विचारून घ्या.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येते. गोठा.

माझं आजोळ सांगली जिल्ह्यातलं. दावणीला चार म्हशी, एक जर्सी. एका पावसाळ्यात जर्सी व्याली आणि वार पडेना. डॉक्टर येईपर्यंत आजोबा कंदील घेऊन उभे. माझं व्हेट होणं त्या रात्री ठरलं. इथल्या आपल्या मुलांना ती रात्र मिळत नाही. घरात गोल्डन डूडल जातीचा एक कुत्रा, आणि प्राण्यांची आवड म्हणजे त्याच्याशी खेळणं. यात मुलांचा दोष नाही, पण व्हेट स्कूलला हे लगेच कळतं. मुलाखतीत एका मुलाला विचारलं होतं, तुझ्या अनुभवातली सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट सांग. तो गोंधळला, म्हणाला कंटाळवाणं काहीच नव्हतं. पुढच्या मुलीने क्षणात सांगितलं: मेंढ्यांच्या खुरांची छाटणी, जानेवारीत, सत्तर मेंढ्या, चाळिसाव्या मेंढीनंतर बोटं कळत नाहीत. तिचे मार्क त्याच्यापेक्षा कमी होते. आत ती गेली.

तर कॉलेज निवडताना हे बघा: वसतिगृहापासून जनावरं किती लांब आहेत? पायी, सायकलने, की गाडी लागते? गाडी लागत असेल तर पहिल्या दोन वर्षांत मुलगी तिथे पोचणार नाही. 1862 च्या मॉरिल कायद्याने ज्या सरकारी विद्यापीठांना शेतीसाठी जमिनी मिळाल्या, त्यांचे गोठे अजून आवारातच आहेत. रटगर्स त्यातलंच. रूट 1 वरून जाताना कॉलेज फार्म रोडच्या बाजूला गुरं चरताना दिसतात, ती त्यांचीच. रटगर्सच्या कुक कॅम्पसवर मेंढ्या, बकऱ्या, डुकरं, घोडे आहेत आणि विद्यार्थी तिथे पगारावर काम करतात. एप्रिलच्या शेवटी ॲग फील्ड डे असतो, त्यात मुलं आपण माणसाळवलेलं जनावर रिंगणात फिरवून दाखवतात. एकदा मुलीला घेऊन जाच. बछडं दोर तोडून पळतं, मागे चिखलात घसरणारी मुलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून तुम्हाला कळेल की हिचं इथे जमेल की नाही. डेलावेअरला आवारात दुभत्या गाई आहेत आणि त्यांच्या दुधाचं आइस्क्रीम तिथेच विकतात. तेही एडिसनहून फार लांब नाही.

गोठ्यात शिरलात की भिंतीवरचा पांढरा फळा शोधा. चांगल्या गोठ्यात तो असतोच. त्यावर कुणाची पाळी कधी, कुठली शेळी कधी विणार, रात्री दोनला कोण येणार, हे मार्करने लिहिलेलं असतं. त्यात मुलांची नावं असतील तर ते कॉलेज तुमच्या कामाचं. नुसती नोकरांची नावं असतील तर माहितीपत्रकातले गाईचे फोटो शोभेचे आहेत असं समजा.

ज्या विद्यापीठात व्हेट स्कूल आहे तिथेच कॉलेज केलं तर फायदा होतो का, हेही लोक विचारतात. प्रवेशात सहसा नाही. उलट तिथे व्हेट होऊ पाहणाऱ्या शेकडो मुलांची त्याच हॉस्पिटलमधल्या त्याच चार जागांवर झुंबड असते. अनुभवासाठी तिथेच जायला हवं असं नाही: न्यू जर्सीत दर दोन मैलांवर एक क्लिनिक आहे, मॉनमथ काउंटीत घोडेच घोडे. घोडा हा तर न्यू जर्सीचा अधिकृत राज्यप्राणी आहे, 1977 पासून. (मी नापास झाले ती घोड्यांत, आणि येऊन पडले ती याच राज्यात.)

तासांची नोंद पहिल्या दिवसापासून वहीत ठेवायला सांगा. व्हेटच्या हाताखालचे तास वेगळे, व्हेट नसताना जनावरांत घालवलेले वेगळे. अर्जात ते वेगवेगळ्या रकान्यांत जातात. तारीख, जागा, आठवड्याला किती तास, देखरेख कुणाची, त्यांचा संपर्क. आणि रोज एक ओळ, काय पाहिलं त्याची. तीन वर्षांनी निबंध लिहायला बसल्यावर ती ओळ सोन्याची वाटते. एकाच कुत्र्या-मांजरांच्या क्लिनिकात हजार तास घालण्यापेक्षा चारशे तिथे, दोनशे गाई-घोड्यांत, थोडे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात, थोडे प्रयोगशाळेत, असं पसरलेलं बरं.

शिफारसपत्रं किमान तीन लागतात आणि त्यातलं एक व्हेटचं असावंच. छोट्या कॉलेजची खरी ताकद इथे आहे. वीस जणांच्या वर्गात शिकवणारी प्राध्यापक मुलीला नावाने ओळखते. तीनशेच्या वर्गातला प्राध्यापक ‘या विद्यार्थिनीला ए मिळाला’ एवढंच लिहू शकतो, आणि ते आम्हाला गुणपत्रिकेत दिसतंच. रटगर्सला गेली तर तिने स्वतःहून एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत शिरायला हवं, ऑफिसच्या वेळेत जाऊन बसायला हवं. लाजाळू असेल तर याचा गंभीरपणे विचार करा. मोठ्या विद्यापीठात लाजाळू मूल दिसेनासं होतं.

त्या छोट्या कॉलेजला दोन प्रश्न विचारा. गेल्या पाच वर्षांत व्हेट स्कूलला किती जणांनी अर्ज केला आणि किती जण गेले? टक्केवारी नको, डोकी मोजून सांगा. तिघांतले तिघं आणि साठांतले तीस यांत फरक आहे. दुसरं, सल्लागाराला व्हेट स्कूलची वेगळी यादी माहीत आहे का? पुष्कळ ठिकाणी हे ऑफिस माणसांच्या डॉक्टरांसाठी चालतं. एका मुलीला अशाच सल्लागाराने माणसांच्या डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची, एमसीएटीची, तयारी करायला लावली होती. ती परीक्षा बहुतेक व्हेट स्कूलं मागतही नाहीत. पदवीनंतरच्या शिक्षणाची जीआरई परीक्षासुद्धा आता बहुतेकांनी सोडलीय.

बारावीतूनच व्हेट स्कूलची जागा राखून ठेवणाऱ्या योजनाही आहेत, कॅन्सस स्टेट आणि मिसिसिपी स्टेटमध्ये. मुलगी मार्कांत खरंच वरची असेल आणि घरापासून इतकं लांब राहायची तयारी असेल तर बघा. आणि एडिनबरा, ग्लासगो, लंडनचं रॉयल व्हेटरिनरी कॉलेज इथे शाळेनंतर थेट प्रवेश होतो आणि अमेरिकेची मान्यताही आहे. खर्च परदेशी विद्यार्थ्याचा, पण एकूण वर्षं कमी. सासऱ्यांना ‘थेट’ हा शब्द इतकाच आवडत असेल तर त्यांना हा पर्याय दाखवा.

पहिल्या फेरीत प्रवेश न मिळणारी मुलं खूप असतात. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी जाणारीही खूप. म्हणून कॉलेजची पदवी स्वतःच्या पायावर उभी राहील अशी हवी. पार्सिपनीला झोएटिसचं मुख्यालय आहे, जनावरांची औषधं बनवणारी मोठी कंपनी; ॲनिमल सायन्स किंवा बायॉलॉजीवाल्यांना अशा ठिकाणी वर्षभर काम करून पुन्हा अर्ज करता येतो.

तुमच्या तीन कॉलेजांत माझं मत: रटगर्स पहिलं. छोटं कॉलेज दुसरं, पण स्कॉलरशिप चारही वर्षांची आहे आणि ती टिकवायला लागणारा जीपीए आवाक्यातला आहे हे कागदावर घेतल्याशिवाय नाही, आणि तिथून एखादा गोठा सायकलच्या अंतरावर असेल तरच. कॉर्नेलचं शिक्षण फार चांगलं आहे, त्यांनी पुरेशी मदत देऊ केली तर माझं म्हणणं मागे घेईन. गहाणखतावर मात्र नाही.

मुलीला जूनमध्ये माझ्या क्लिनिकला पाठवा, पंधरा दिवस. शस्त्रक्रिया मंगळवारी आणि गुरुवारी असतात. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा कुत्रीच्या नसबंदीच्या वेळी पहिला छेद देताच उभ्याचा आडवा झाला. उत्साहाच्या भरात सकाळपासून पोटात काही नव्हतं. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, पुन्हा बघू का? गुरुवारी तो शेवटपर्यंत उभा राहिला. तर बूट बंद घालून यायला सांगा, केस बांधून, आणि काहीतरी खाऊन.